पेन्थिअस अपोलोनियन नाहीये: पंधरापैकी चार मार्कांच्या उत्तराचं पोस्टमॉर्टेम

प्रकरण तसं छोटंसंच आहे पण माझ्या चार संध्याकाळी त्यात गेल्या, म्हणून नीट लिहून ठेवतेय. एम. ए. इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, दिवसा झेरॉक्सच्या दुकानात बसतो आणि संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतो. अंतर्गत परीक्षेत त्यांना पंधरा मार्कांचा प्रश्न आला होता, प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'बकाय' नाटकाच्या आधारे अपोलोनियन आणि डायोनिशियन या संज्ञा स्पष्ट करा. गड्याने चार पानं लिहिली आणि मार्क पडले चार. पानाला एक. पेपर माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मॅडम, गाईडमधलं सगळं लिहिलंय, एक शब्द सोडला नाही."

घोळ तिथंच होता. पहिल्या पानावर व्याख्या, दुसऱ्यावर टेबल, तिसऱ्यावर नाटकाची गोष्ट आणि चौथ्यावर तात्पर्य. टेबलाच्या डाव्या रकान्यात ऑर्डर, बुद्धी, कायदा, प्रकाश, पुरुष, आणि उजव्या रकान्यात केऑस, भावना, स्वातंत्र्य, अंधार, दारू, स्त्री. टेबलाखाली एक ओळ, की राजा पेन्थिअस म्हणजे अपोलोनियन, देव डायोनिसस म्हणजे डायोनिशियन. आणि शेवटी, अति ऑर्डर वाईट अति केऑसही वाईट तेव्हा माणसाने बॅलन्स ठेवावा. तपासणाऱ्याने टेबलाला लाल गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह काढलेलं आणि त्या बॅलन्सवाल्या ओळीवर एक आडवी रेघ, बाकी काही नाही. पोराला प्रश्नचिन्हाचा अर्थ लागेना. मला लागला, कारण मीही कॉलेजात असताना हेच टेबल पाठ केलेलं आणि मला तर तेव्हा चांगले मार्क मिळाले होते. नशीब आपलं आपलं.

ज्यांना नाटक आठवत नसेल त्यांच्यासाठी भराभर सांगते. डायोनिसस हा देवांचा राजा झ्यूस आणि ग्रीसमधल्या थीब्ज शहराची राजकन्या सेमेली यांचा मुलगा. सेमेलीच्या सख्ख्या बहिणी म्हणत फिरल्या की कसला झ्यूस, पोरगी कुठंतरी घसरली आणि देवाचं नाव पुढं केलं. त्याचा हिशोब चुकता करायला डायोनिसस माणसाच्या रूपात थीब्जला येतो, गावातल्या बायकांना वेड लावून सिथेरॉन डोंगरावर पाठवतो. गादीवर आहे त्याचा मावसभाऊ पेन्थिअस. तो म्हणतो असला देव-बिव माझ्या गावात चालणार नाही. त्या परक्याला पकडून तबेल्यात कोंडतो, बाहेर निघायच्या वाटा बंद करायचे हुकूम सोडतो. शेवटी स्वतःच बाईच्या वेषात डोंगरावर जातो आणि त्याची आई आगावे बाकीच्या बायकांना घेऊन त्याचे तुकडे करते, सिंहाचं पिल्लू मारलं असं समजून त्याचं डोकं मिरवत घरी येते. युरिपिडीस इ.स.पू. 406 मध्ये मॅसिडोनियात वारला, नाटक त्याच्या मागे अथेन्समध्ये इ.स.पू. 405 मध्ये लागलं आणि त्या स्पर्धेत पहिलं आलं. स्पर्धा कुणाच्या उत्सवात, तर डायोनिससच्याच.

पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं, टेबल झाक आणि तोंडी सांग, अपोलोनियन म्हणजे काय? ऑर्डर. डायोनिशियन? केऑस. आणि केऑस म्हणजे? गोंधळ. पुढे गाडी जाईना. नाटक वाचलंस का विचारलं तर मान खाली. सारांश वाचलेला, नाटकाची पीडीएफ मोबाईलमध्ये पडून होती, उघडलेलीच नव्हती.

मग आधी शब्दांचं मूळ काढलं. अपोलो आणि डायोनिसस हे देव जुने ग्रीकांचे, पण आपण परीक्षेत लिहितो त्या अर्थाने ही जोडी गाजवली ती जर्मन तत्त्वज्ञ फ्रिडरिश नीत्शेने, 1872 मध्ये, शोकांतिकेच्या जन्मावरच्या त्याच्या पहिल्या पुस्तकात. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ग्रीक-लॅटिनचा प्रोफेसर, आणि पुस्तकाची प्रस्तावना संगीतकार वाग्नरला उद्देशून. जुन्या ग्रंथांचे अभ्यासक असे खवळले की विलामोवित्झ नावाच्या त्याच्याहूनही चार वर्षांनी लहान पोराने त्याच साली त्याच्याविरुद्ध पुस्तिका छापली. नीत्शेलाही नंतर स्वतःचं पुस्तक टोचायला लागलं. 1886 च्या आवृत्तीला त्याने आत्मटीका जोडली, त्यात म्हणतो पुस्तक वाईट लिहिलंय, बोजड आहे, या नव्या आत्म्याने बोलायला नको होतं, गायला हवं होतं. हे मी मुद्दाम वाचून दाखवते. ज्या शब्दांची आपण घोटीव व्याख्या पाठ करतो ते शब्द पहिल्यांदा मांडणाऱ्यालाच धड मांडता आले नव्हते हे कळलं की पोरं जरा सैल होतात.

आता मुद्दा असा की नीत्शे पहिल्याच प्रकरणात ऑर्डर आणि केऑस अशी जोडी लावतच नाही. त्याची जोडी आहे स्वप्न आणि नशा.

अपोलो स्वप्नाचा. स्वप्नात प्रत्येक आकृतीला कड असते, चेहरा असतो, सगळं रेखीव आणि लख्ख दिसतं, आणि कुठंतरी आत आपल्याला माहीत असतं की हे स्वप्न आहे, तरी आपण म्हणतो चालू दे, अजून बघू. हा अपोलोनियन भाग, आकार देणारा, रेष ओढणारा, आणि मी वेगळा तू वेगळी हे अंतर सांभाळणारा. इथे नीत्शे त्याच्या आधीच्या शोपेनहाउअर या तत्त्वज्ञाची एक प्रतिमा उसनी घेतो: खवळलेला समुद्र, चहूबाजूंनी लाटांचे डोंगर, आणि एक नावाडी आपल्या इवल्याशा होडीवर भरवसा टाकून निवांत बसलाय. ती होडी म्हणजे माणसाचं मीपण आणि तिच्यावरचा तो भरवसा म्हणजे अपोलो. मी पोराला म्हटलं बघ, अपोलो म्हणजे समुद्राला घातलेला बांध नाही. समुद्र आहे तिथंच आहे, होडी त्याच्यावर तरंगतेय.

डायोनिसस नशेचा. दारूची असेल, वसंताची असेल, ढोलाची असेल. माणसामाणसातली भिंत पडते, 'मी' विरघळतो, गर्दीत कोण कुठला राहत नाही. त्यात भीती आहे आणि सुखही आहे, दोन्ही एकदम. आणि या दोन्ही ओढी निसर्गाच्याच, माणसाने ठरवून आणलेल्या नाहीत, असं नीत्शे म्हणतो. त्यामुळे टेबलाच्या डाव्या रकान्यातली 'बुद्धी' आपोआप गळते. स्वप्न बघायला बुद्धी लागत नाही. नीत्शेच्या हिशोबात बुद्धी हा तिसराच पाहुणा आहे, सॉक्रेटिसचा, आणि या पाहुण्यानेच शोकांतिका मारली असं त्याचं म्हणणं. म्हणजे गाईडवाल्याने शोकांतिका जगवणाऱ्यातला एक आणि तिला मारणारा असे दोघेही एकाच रकान्यात कोंबले. एवढ्या एका चुकीला चार मार्क मिळाले म्हणजे तपासणारा दिलदारच म्हणायचा.

डेल्फीचंही सांगितलं त्याला. डेल्फी म्हणजे ग्रीसमधलं अपोलोचं मोठं देवस्थान, त्याचं घर, पण हिवाळ्याचे तीन महिने तिथे अपोलोचं स्तोत्र थांबायचं आणि डायोनिससचं गाणं चालायचं. हे प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय, आणि तो स्वतः तिथला पुजारी होता. देवळाच्या पुढच्या कपाळपट्टीवर अपोलो कोरलेला आणि मागच्या पट्टीवर डायोनिसस. दोघं झ्यूसचेच पोर, सावत्र भाऊ, एका छपराखाली. पोरगं ऐकून घेत होतं पण चेहऱ्यावर 'हे मार्काला येईल का' असा भाव होता, मी ओळखते तो.

दुसऱ्या संध्याकाळी काम झालं ते ग्रीसमुळे नाही, एका मराठी शब्दामुळे. त्याच्या गाईडवर केऑसच्या शेजारी पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं, 'गोंधळ'. मी सहज विचारलं, तुझ्या बहिणीचं लग्न झालं ना मागच्या वर्षी, घरी गोंधळ घातला का? म्हणाला हो घातला की, आमच्यात घालावाच लागतो. म्हटलं मग सांग, त्या रात्री काय काय झालं.

त्याने जे सांगितलं ते मी मुद्दाम अडवत अडवत ऐकलं. आधी पाट मांडला. पाटावर नवा खण, त्यावर मुठीमुठीने तांदूळ ठेवून चौक भरला, मधे तांब्या आणि नारळ, सुपाऱ्या. चौक नीट भरेपर्यंत संबळाला कुणी हात लावला नाही. मग दिवटी पेटली, संबळ आणि तुणतुणं सुरू झालं आणि गोंधळी एकेका देवाला नाव घेऊन बोलवायला लागले, तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची अंबाबाई गोंधळाला ये, अशी यादी, कुणाला विसरून चालत नाही. मग आख्यान. मध्यरात्रीनंतर संबळ चढत गेलं आणि त्याच्या आत्याच्या अंगात आलं, केस सुटले, आवाज बदलला, दोघींनी धरून बसवलं, कुंकू लावलं. पहाटे आरती झाली आणि सगळे चहा प्यायले. आत्यासुद्धा. आत्याने म्हणे दोनदा साखर मागितली.

मी म्हटलं आता या रात्रीतला केऑस मला बोट लावून दाखव. आत्या, म्हणाला. म्हटलं आत्याच्या अंगात कशाने आलं? संबळाने. संबळ कुठे वाजत होतं? चौकापुढे. चौक नसता तर? मग नुसताच आवाज, म्हणाला, आणि गप्प बसला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "म्हणजे मॅडम, गोंधळाला गोंधळ म्हणणंच चुकीचं आहे." आता हा शब्द विधीवरून पसाऱ्याला आला की पसाऱ्यावरून विधीला त्या वादात मी पडले नाही, पण एवढं खरं की आपल्या भाषेत एकाच शब्दात आखलेला विधी आणि आवरता न येणारा पसारा दोन्ही बसतात आणि आपण परीक्षेत त्यातला अर्धाच अर्थ उचलतो.

एक मात्र तिथल्या तिथे बजावलं, की उत्तरात 'गोंधळ हा मराठी डायोनिशियन विधी आहे' असं लिहून मोकळा होऊ नकोस. गोंधळात देवीला बोलावणं धाडतात आणि ती पाहुणी म्हणून येते, बायका धरून बसवणाऱ्या असतात, पहाटे आरती ठरलेली असते. सिथेरॉनवर आरती करून परत आणणारं कुणी नाही. गोंधळ तुला समजायला दिला, लिहायला नाटक आहे.

तिसऱ्या संध्याकाळी नाटक उघडलं, आणि इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सुरुवात मुद्दाम मधूनच केली, पहिला निरोप्या डोंगरावरून येतो तिथून. पेन्थिअसची खात्री आहे की बायका वर दारू पिऊन नको ते धंदे करतायत. निरोप्या गुराखी आहे, तो सांगतो महाराज, तसलं काही नाही. पहाटेची वेळ, बायका तीन गटात झोपलेल्या, कुणी देवदारच्या फांद्यांना पाठ टेकून, कुणी पानांवर डोकं ठेवून, सगळ्या सभ्यपणे. मग आगावेने हाक दिली तशा उठून उभ्या राहिल्या, आणि इथे गुराखी जो शब्द वापरतो तो ग्रीकमध्ये आहे 'युकोस्मिया'. अर्थ, सुरेख शिस्त, नीटसपणा. बघत राहावी अशी शिस्त, म्हणतो तो. केस मोकळे सोडतात, हरणाच्या कातड्याच्या सुटलेल्या गाठी बांधतात, काहीजणी हरणाच्या पाडसांना आणि लांडग्याच्या पिल्लांना अंगावर पाजतात. एकीने काठी खडकावर मारली तर पाणी आलं, दुसरीने जमिनीत खुपसली तर वाईन, बोटांनी माती उकरली तर दूध.

मी पोराला म्हटलं, या नाटकात शिस्तीचं एवढं भारी कौतुक कुणाचं झालंय, राजाचं का डोंगरावरच्या बायकांचं? त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, आणि हाणामारी कधी सुरू झाली ते शोध. सापडलं त्याला. गुराख्यांनी ठरवलं की राजाला खूश करायला आगावेला धरून न्यायचं, झुडपात दबा धरला, ती जवळून नाचत जाताना एकाने झडप घातली. त्या क्षणापासून रक्तपात. जिवंत गाईबैल हातांनी फाडले, खालच्या गावांवर धाड घातली. तोपर्यंत डोंगरावर सगळं ठीक होतं, विस्कटलं ते हात घातल्यावर. आता यातला केऑस कुणाच्या रकान्यात टाकायचा ते गाईडवाल्याने येऊन सांगावं.

दुसरी जागा मला स्वतःला फार आवडते आणि तिच्यावर मी जरा जास्तच बोलले असेन. पेन्थिअस बाईचा वेष करून बाहेर येतो. त्याला दोन सूर्य दिसतायत, थीब्ज शहरही दोन दिसतंय, आणि हा विचारतो काय, तर मी माझ्या आईसारखा दिसतो की मावशीसारखा? डायोनिसस म्हणतो, दिसतोस छान, पण केसांची बट जागेवरून सुटलीय. पेन्थिअस म्हणतो आत नाचून बघत होतो तेव्हा सुटली असेल. मग देव पुढे होऊन ती बट स्वतःच्या हाताने नीट बसवतो. कमरपट्टा सैल झालाय म्हणतो, वस्त्राच्या चुण्या घोट्याशी वरखाली पडल्यायत म्हणतो. पेन्थिअस पाय वळवून बघतो, हो, उजव्या बाजूला जरा, पण या बाजूला सरळ आहेत.

म्हणजे बघा, ज्याला आपण केऑसचा देव म्हणतो तो चुण्या सारख्या करतोय आणि ज्याला ऑर्डरचा राजा म्हणतो तो आत एकटाच केस उडवत नाचून आलाय. साडीच्या निऱ्या नीट करून देणारी मैत्रीण आणि खाटकाकडे बकरा नेण्याआधी त्याला हार घालणारा माणूस, दोन्ही एकाच हातात. पोरगं म्हणालं, मॅडम हे तर कॉमेडी आहे. म्हटलं हो, आणि थोड्या वेळाने त्याचं डोकं आईच्या हातात असणारे.

शेवटचा आगावेचा प्रसंगही वाचला. म्हातारा कॅडमस, तिचा बाप, तिला शुद्धीवर आणतो ते ओरडून नाही. म्हणतो आधी आभाळाकडे बघ. तसंच आहे का बदललंय? ती म्हणते आधीपेक्षा स्वच्छ दिसतंय, उजेड वाढलाय. मग विचारतो लग्न होऊन तू कुणाच्या घरात गेलीस. मुलाचं नाव काय. आणि मग, हातात कुणाचं डोकं आहे. एकेक प्रश्न एकेका ओळीचा, एकेक उत्तर एकेका ओळीचं. हळूहळू कडा परत येतात, मी कोण, हा कोण, आणि कडा आल्या की दिसतं की हातात सिंह नाहीये. नाटकात अपोलोनियन काही शोधायचं तर मी इथे शोधेन, या उजेडात. आणि उजेड काय घेऊन आला ते बघा. रकान्यात 'प्रकाश' लिहिणं सोपं आहे.

यानंतर रचनेचा मुद्दा पटकन उरकला, कारण तो त्याला लगेच कळला. सगळी मोडतोड होते कुठे, तर पडद्यामागे. आपल्यापुढे येते ती निरोप्याच्या तोंडून, वृत्तात बांधलेल्या ओळींतून. बोलणारे नट तीनच, मुखवटे घातलेले, आणि पेन्थिअस करणारा नटच पुढे आगावे होऊन आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे आईच्या हातातलं डोकं हा त्याचाच मघाचा मुखवटा. गोष्ट मीपण फाटण्याची आणि सांगण्याची तऱ्हा चौकात भरलेल्या तांदळासारखी मोजून मापून. नीत्शे म्हणतो शोकांतिकेत कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मेळ्याचा, डायोनिशियन भार अपोलोनियन चित्रांच्या जगात मोकळा होतो, ते हे. दोघं भांडत असतात खरे पण शोकांतिका दोघांची मिळून होते, आणि त्यात बॅलन्स हा शब्द कुठे बसत नाही. चौक आणि संबळ यात बॅलन्स नसतो, एक नसेल तर दुसऱ्याला अर्थ नसतो.

इथपर्यंत मी खूश होते. घरी नोट्समध्ये ठळक लिहून ठेवलं, पेन्थिअस अपोलोनियन नाहीये, तो नुसता बंदी घालणारा आहे, त्याच्यात स्वप्न नाही. या लेखाचं वरचं नावही तेव्हाचंच.

चौथ्या संध्याकाळी पोरगं आलं ते मोबाईल पुढे करूनच. नीत्शेची पीडीएफ उतरवून घेतली होती आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचत होता. म्हणाला, "मॅडम तुम्ही म्हणता पेन्थिअस अपोलोनियन नाही, मग हे काय?" चौथं प्रकरण. तिथे नीत्शे स्पार्टा वगैरे डोरियन, म्हणजे ग्रीकांच्या एका शाखेच्या, राज्यांबद्दल लिहितो की ते राज्य आणि ती कला मला फक्त एकाच तऱ्हेने समजते, अपोलोनियनची कायमची लष्करी छावणी. डायोनिशियन लाट आपल्याला गिळेल या धास्तीने अपोलो भिंती उभारतो, कठोर होतो. आणि नववं प्रकरण, जिथे तो म्हणतो आकार इजिप्तसारखा ताठ आणि थंड होऊन गोठू नये म्हणून अधूनमधून डायोनिससची भरती येते आणि अपोलोने आखलेली छोटी छोटी वर्तुळं मोडून टाकते.

"आणि पेन्थिअसने छावणीच लावलीय," म्हणाला. दुसरी जागा उघडली. निरोप्याची हकिगत संपल्या संपल्या राजा हुकूम सोडतो, इलेक्ट्रा दरवाजाशी सगळे ढालवाले, घोडेस्वार, तिरंदाज गोळा करा, बायकांवर चालून जायचंय. शब्दशः छावणी. मी ही जागा शंभर वेळा वाचली असेल आणि नीत्शेची ती प्रकरणं तर दर वर्षी शिकवते, पण दोन्ही जोडून कधी बघितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, जरा वरमलेच.

मग आम्ही तासभर त्याच्यावरच भांडलो. माझं म्हणणं, छावणी ठीक, पण अपोलोकडे स्वप्न असतं, लांबून बघण्यातलं सुख असतं, याच्याकडे कुठंय? तर तो म्हणाला पुढची ओळ बघा. आणि खरंच, सैन्याचा हुकूम सुटतो, थोडी वादावादी होते, आणि मग डायोनिसस नुसता एक सुस्कारा टाकून विचारतो, त्या डोंगरावर एकत्र बसलेल्या बघायच्यात का तुला? आणि पेन्थिअस एका क्षणात विरघळतो. हो, म्हणतो, वाटेल तेवढं सोनं मोजेन. लढायचं राहिलं बाजूला, ह्याला बघायचंय. लपून, लांबून, उंच झाडाच्या शेंड्यावर बसून. पोरगं म्हणालं, "स्वप्न बघणाराच आहे की मॅडम तो. फक्त त्याला वाटतं आपण प्रेक्षक आहोत." बायकांना तो शेंड्यावर दिसतो, त्या झाड उपटून काढतात, आणि बघणारा आणि दिसणारं यातलं अंतर संपतं. होडी बुडाली.

तर मी माघार घेतली, पूर्ण नाही, अर्धी. पेन्थिअस हा घाबरून ताठ झालेला अपोलोनियन आहे, आणि त्या ताठरपणाच्या खाली नाचायची हौस दाबलेली आहे, असं लिहायला माझी हरकत नाही. 'पेन्थिअस बरोबर अपोलोनियन' असं बरोबरचं चिन्ह टाकून लिहायला अजूनही आहे. गंमत म्हणजे सॉक्रेटिससोबत युरिपिडीसलाही शोकांतिकेचा मारेकरी ठरवणाऱ्या नीत्शेलाही हे नाटक टाळता आलेलं नाही. बाराव्या प्रकरणात तो कबूल करतो की आयुष्याच्या संध्याकाळी युरिपिडीसने डायोनिससपुढे हात टेकले, पण तोवर उशीर झाला होता, नाटक सॉक्रेटिसच्या हातात गेलं होतं. पोराने याच्यावर विचारलं की मारेकऱ्यानेच मयताचं सगळ्यात चांगलं वर्णन कसं केलं. मी म्हटलं हा वेगळ्या पंधरा मार्कांचा प्रश्न आहे, आज नको.

नवीन उत्तर त्याने आठवड्यात लिहून आणलं. साडेतीन पानं, टेबल नाही. सुरुवात स्वप्न आणि नशेने, मग गुराख्याची 'युकोस्मिया', चुण्या, छावणी, आगावेचं आभाळ. इंग्रजी अजून कच्चं आहे, दोन वाक्यं तर मलाही कळली नाहीत, आणि शेवटी सवयीने एक तात्पर्य टाकलंच होतं ते मी खोडलं. मी अकरा दिले. तो म्हणाला बारा. चुण्यांच्या परिच्छेदासाठी अर्धा वाढवला आणि साडेअकरावर मिटवलं.

गाईडच्या त्या पानावर त्याने पेन्सिलीचा 'गोंधळ' खोडून शेजारी 'नशा' लिहिलंय, आणि पेन्थिअसच्या नावापुढे छोटीशी छावणी काढलीय, तंबूसारखी. परवा पुढच्या बॅचची पोरं दुकानात आली, त्यांच्याकडे गाईड नव्हतं, तर याच्याच प्रतीवरून झेरॉक्स काढून घेऊन गेली. खाडाखोड आणि तंबूसकट.